गडकरी साहेब, युद्धातल्या ट्रकलाही व्हिंटेज म्हणा: इंदूरहून एक खुलं पत्र

प्रति,
मा. नितीनजी गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

साहेब, स. न. वि. वि.

पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. आम्ही इंदूरचे, होळकरांच्या काळापासून इथले, बाहेर हिंदी आणि घरात मराठी, आणि तुम्ही नागपूरचे, मग आपल्यात तिसरी भाषा कशाला. मुद्दा एकच आहे तो आधीच सांगून टाकतो: जुलै २०२१ मध्ये तुमच्या मंत्रालयानं व्हिंटेज गाड्यांचे जे नियम काढले त्यात दुसऱ्या महायुद्धातले लष्करी ट्रक बसत नाहीत, आणि ते बसवायला नियमात चार ओळींचा बदल पुरेल.

नियम चांगलेच आहेत, ते आधी मान्य करतो. पन्नास वर्षांवरची गाडी, व्हीए सिरीजचा वेगळा नंबर, दहा वर्षांची नोंदणी, नव्यानं केली तर २०,००० रुपये आणि पुन्हा करायला ५,०००, रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला गाडी रस्त्यावर काढायची मुभा. त्याआधी प्रत्येक राज्याचा आपापला कारभार होता, तो तुम्ही एका ओळीत आणलात. पण हे सगळं लागू कुणाला, तर दुचाकी आणि चारचाकी, म्हणजे एल१, एल२ आणि एम१ कॅटेगरीला. एम१ म्हणजे माणसं बसायची गाडी, ड्रायव्हर सोडून आठ सीटपर्यंतची. राजे-महाराजांची ब्युइक बसली, आजोबांची लँडमास्टर बसली, जीपसुद्धा बसते. ट्रक मालवाहू म्हणून एन कॅटेगरीत जातो, तो बसत नाही. मग त्याला साध्या धंद्याच्या ट्रकसारखं दर वर्षी पासिंग करा म्हणतात. ऐंशी वर्षांची गाडी, महिन्यातून एकदा स्टार्ट करून अर्धा तास फिरवायची, तिला दर वर्षी पासिंग.

हे ट्रक कोणते तेही सांगतो, कारण ऑफिसात हा विषय काढला की बहुतेकांना वाटतं आम्ही कुठल्यातरी भंगाराबद्दल बोलतोय. आपल्याकडे मुख्य दोन घराणी. एक अमेरिकन जीएमसी सीसीकेडब्ल्यू, अडीच टनी, सहाही चाकं ओढणारा, मागच्या जोड्या धरून दहा टायर, २७० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, पाच लाखांवर बनले. दुसरं घराणं कॅनडाचं, कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न, फोर्ड आणि शेवरोले दोन्ही कंपन्यांनी एकाच सरकारी डिझाइनवर चार लाखांवर ट्रक बनवले. यांचं नाक चपटं, कारण जहाजात कमी जागा लागावी अशी ब्रिटिशांची अट होती, आणि स्टिअरिंग उजवीकडे. शेवटच्या, म्हणजे १३ नंबरच्या केबिनची समोरची काच खालच्या बाजूला झुकवलेली असते, का तर ऊन चमकून वरच्या विमानाला दिसू नये म्हणून. एका काचेच्या कोनामागे एवढा विचार आहे, आणि तो आजही हातानं चाचपून बघता येतो, म्हणून तर हे लोखंड वाचवायचं.

आणि हा इतिहास परक्यांचा नाही हो साहेब. १२ जानेवारी १९४५ ला आसामातल्या लेडोहून ११३ गाड्यांचा काफिला निघाला आणि ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोचला, तो रस्ता आपल्या जमिनीवरून सुरू होतो. त्या युद्धात हिंदुस्थानी फौज पंचवीस लाखांची झाली होती आणि तिचं रेशन, दारूगोळा, जखमी माणसं ब्रह्मदेशच्या चिखलातून वाहणारे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे ड्रायव्हर आपलेच होते. कॅनडाहून आलेल्या फोर्डच्या चॅसिसवर जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चिलखती सांगाडे चढवले गेले. रणगाड्यांना अहमदनगरला संग्रहालय मिळालं, चांगलंच झालं, पण रणगाड्याला इंधन आणि गोळे पोचवणारा ट्रक आज कुठे बघायचा, तर एखाद्या वीटभट्टीच्या मागे.

आता खरी अडचण, आणि ही नीट वाचा अशी हात जोडून विनंती.

युद्ध संपल्यावर हे ट्रक डिस्पोजलमध्ये, म्हणजे फौजेच्या जुन्या मालाच्या विक्रीत, निघाले. लोकांनी घेतले, लाकडी बॉडी चढवली, कुणी बस केली, कुणी मालट्रक, आणि पेट्रोल परवडेना तसं मूळ इंजिन काढून पर्किन्स डिझेल बसवलं. देशभर हेच झालं, आणि त्यात काही चूक नव्हतं, त्याच गाड्यांनी स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षं धान्य आणि माणसं वाहिली. उद्या ट्रक नियमात घेतलात तरी तुमचा नियम म्हणतो गाडी मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको. मग आम्ही काय करायचं सांगा. डिझेल इंजिन तसंच ठेवलं तर गाडी मूळ रूपात नाही म्हणून नापास, आणि शोधाशोध करून मूळ पेट्रोल इंजिन परत बसवलं तर आरसी बुकात इंजिन नंबर वेगळा, फ्युएल वेगळं, म्हणजे बदल केला म्हणून पुन्हा नापास. म्हणजे गाडीला तिचं स्वतःचं इंजिन परत दिलं तरी तो गुन्हाच!

ते इंजिन परत उभं करणं म्हणजे काय काम असतं तेही ऐका. शेवरोलेच्या २१६ क्युबिक इंचाच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडला आजच्यासारखे तयार बेअरिंगचे शेल नसतात, व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ मिश्रधातू, वितळवून थेट रॉडमध्ये ओततात, मग बोअर करतात, मग पातळ पत्र्याच्या शिम लावून हातानं फिट बसवतात, आणि रॉडच्या खाली एक छोटा चमचा असतो तो दर फेऱ्याला ऑइल उचलून वर उडवतो. पॅसेज आणि क्लिअरन्स जरा चुकला की शंभर किलोमीटरमध्ये रॉड ठोकायला लागतो. हे काम जाणणारे म्हातारे मिस्त्री इंदूरला अजून आहेत, जवळच महूची छावणी असल्यानं इथल्या गॅरेजांना लष्करी गाड्यांची जुनी सवय आहे, इंची पाने अजून पेटीत आहेत. पण त्यांची मुलं मोबाइलच्या दुकानात बसतात आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण जी गाडी रस्त्यावर काढायला कायद्याची इतकी अडचण ती दुरुस्त करून घ्यायला गिऱ्हाईक येणार कुठून. ही कला संपतेय ती शिकणारे नाहीत म्हणून नाही, काम येत नाही म्हणून.

कागदांचंही तसंच. आमच्याकडच्या एका ट्रकची पहिली नोंद होळकर संस्थानातली असणार, १९४८ ला मध्य भारत झालं, १९५६ ला मध्य प्रदेश, प्रत्येक वेळी नंबर बदलले, रजिस्टरं हलली, आज ती नोंद कुणी दाखवूच शकत नाही. आणि जो ट्रक फौजेतून लिलावात निघून सरळ एखाद्या कारखान्याच्या कंपाउंडमध्येच राबला त्याला सिव्हिल नंबर कधी मिळालाच नाही, मग पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं मोजायची कुठून? पण चॅसिसवर ठोकलेला नंबर आहे, केबिनमधली डेटा प्लेट, म्हणजे कंपनीची माहितीची पट्टी, आहे, फ्रेमची मापं आहेत, यावरून कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल आणि साधारण कुठल्या साली बनलेला हे जाणकार माणूस सांगू शकतो. वय प्लेटवरून मोजा, कागदावरून नको.

लेफ्ट हँड ड्राइव्हचा प्रश्न वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीला चालू स्थितीतलं सिग्नल देणारं साधन लागतं. योग्यच आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे. पण डाव्या स्टिअरिंगच्या जीएमसीला मुळात इंडिकेटरच नव्हते, म्हणून सहज काढता येतील असे इंडिकेटर आणि मागचे दिवे लावले तर तो ‘बदल’ धरू नये एवढं स्पष्ट लिहा.

सुरक्षेत सूट आम्हाला नकोय, उलट तपासणी कडक हवी, फक्त तपासणारा माहीतगार हवा. एकच उदाहरण देतो. कॅनेडियन ट्रकची रिम दोन भागांची असते, बोल्टांनी जोडलेली. हवा भरलेली असताना चुकून ते जोडबोल्ट सैल केले तर रिमचा अर्धा भाग तोफेच्या गोळ्यासारखा उडतो आणि समोरचा माणूस जागच्या जागी जातो, म्हणून फौजेत ते बोल्ट लाल रंगवायचे. आता हे ज्याला माहीत नाही असा माणूस तपासणीला उभा असेल तर धोका गाडीपेक्षा त्यालाच जास्त. नव्या ऑटोमॅटिक टेस्टिंग सेंटरची मशीनं आजच्या ट्रकच्या हिशेबानं बनलीत, १९४३ च्या ब्रेकचं मोजमाप तिथे कोण सांगणार.

आणि इथेच इंदूरचा उपयोग आहे. पीथमपूरचं नॅट्रॅक्स, म्हणजे गाड्या तपासायचं सरकारी केंद्र, आमच्यापासून तासाभरावर. ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक, शिवाय ब्रेक आणि चढाच्या टेस्टचे वेगळे ट्रॅक. जून २०२१ ला तेव्हाचे अवजड उद्योग मंत्री प्रकाश जावडेकर साहेबांनी त्याचं उद्घाटन केलं आणि पुढच्याच महिन्यात तुमचे व्हिंटेज नियम आले. ते खातं तुमचं नाही हे माहीत आहे, पण तुम्ही शब्द टाकलात तर वर्षातून दोन-तीन दिवस तिथे जुन्या लष्करी ट्रकांची ब्रेक, स्टिअरिंग, दिवे अशी खरी तपासणी होऊ शकते, चॅसिस आणि डेटा प्लेट बघून प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि राज्याच्या व्हिंटेज नोंदणीच्या कमिटीनं ते मान्य करावं. तपासणीचा खर्च गाडीमालक देतील, सरकारचा रुपयाही नको.

इथेनॉलबद्दल थोडंसं. तुमचा आग्रह शेतकऱ्यांसाठी आहे, आमच्या माळव्यातही त्याचा फायदा होतोय, विरोध अजिबात नाही. पण ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी पाइपला, फ्युएल पंपाच्या डायफ्रामला आणि वॉशरला चालत नाही, शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, आणि आमच्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या, त्यामुळे लोखंडी टाकी आतून गंजते. रबर आम्ही बदलून घेतो, टाकीचा प्रश्न मात्र राहतोच. प्रत्येक मोठ्या शहरात एका पंपावर तरी साधं, इथेनॉल नसलेलं पेट्रोल खात्रीनं मिळावं असं पेट्रोलियम खात्याशी बोलाल का?

आणखी एक, थोडं पुढचं. जबलपूरला १९५९ पासून फौजेचा शक्तिमान ट्रक बनायला लागला, मग निसानचा एक टनी ट्रक आणि जोंगा जीप. १९६५ आणि १९७१ ची युद्धं शक्तिमाननं बघितली आहेत, आणि त्या काळातले आता पन्नाशी ओलांडून गेलेत. आजही ते लॉटनं लिलावात निघतात आणि कटरखाली जातात. मध्य प्रदेशात जन्मलेला ट्रक मध्य प्रदेशातच वितळतोय. लष्करातून निघणाऱ्या प्रत्येक जुन्या मॉडेलचे थोडे नमुने कापायच्या आधी वेगळे काढून संग्रहालयांना आणि जपणाऱ्या लोकांना चॅसिसच्या कागदासकट द्यावेत, हे संरक्षण खात्याला तुमच्याकडून गेलं तर वजन पडेल.

तर मागणी अशी: व्हिंटेज नियमात एन कॅटेगरीतले पन्नास वर्षांवरचे लष्करी ट्रक धंद्यासाठी न वापरण्याच्या अटीवर घ्या, चाकं किती ते मोजू नका. वय चॅसिस आणि डेटा प्लेटवरून धरा. मूळ प्रकारचं इंजिन परत बसवणं हा बदल नाही असं लिहा, आणि ज्यांचं जुनं डिझेल तसंच आहे त्यांनाही ते केव्हा बसवलं त्याच्या पुराव्यावर आत घ्या. मसुदा काढून हरकती मागवल्या तर इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, पुणे, सगळीकडून जाणकार लोक स्वतःहून लिहितील, आणि आमच्याकडच्या गाड्यांचे चॅसिस नंबर, फोटो, मापं आम्ही तयार ठेवली आहेत, मंत्रालयाचा कुणीही अधिकारी इंदूरला आला तर गाडीखाली झोपून स्वतः बघू शकतो.

पत्राची प्रत राज्याच्या परिवहन मंत्र्यांनाही पाठवतोय. उत्तराची वाट बघतो.

आपला,
इंदूरचा एक जुन्या लष्करी गाड्यांचा मिस्त्री आणि त्याचे साथीदार