यूशूकानमधून परतल्यावर

टोकियो

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल यासुकुनी या जपानी युद्धमृतांच्या देवस्थानाच्या आवारातलं यूशूकान पाहिलं. १८८२ सालचं युद्धसंग्रहालय. रात्री झोप लागेना, म्हणून तुला लिहायला बसलो.

दर्शनी दालनातच झीरो हे जपानी लढाऊ विमान, आणि तिथेच सी-५६ जातीचं वाफेचं इंजिन. काळंभोर, घासूनपुसून लख्ख. १९४३ मध्ये जपान्यांची थायलंड-ब्रह्मदेश रेल्वे सुरू झाली, त्या मार्गावरचं. ४१५ किलोमीटरचा तो मार्ग बांधताना १२ हजारांवर युद्धकैदी मेले. तमिळ, ब्रह्मी, मलायी, जावी मजूर किती गेले याची धड मोजदादही झाली नाही. ९० हजारांपर्यंतचे अंदाज आहेत. पाटी दोनदा वाचली. त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. १९३७च्या नानजिंगमधल्या कत्तलीबद्दल काय, तर साध्या वेषातल्या चिनी सैनिकांवर कडक कारवाई झाली, एवढंच.

संताप आला. पण पुढे नेताजींचा फोटो दिसला आणि छाती भरून आली रे! बाहेर न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं स्मारक आहे, २००५ मध्ये उभारलेलं. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे ते एकटेच. तिथेही मी अभिमानाने उभा राहिलो. नानजिंगमधल्या अत्याचारांचे पुरावे प्रबळ आहेत, हेही पालांनी त्याच निकालपत्रात लिहिलंय. ते मला हॉटेलवर परतल्यावर आठवलं.

आणि मग अंदमान आठवलं. सावरकरांच्या कोठडीसमोर आपण दोघं किती वेळ उभे होतो! युद्धात अंदमान जपानच्या ताब्यात होतं. त्याच सेल्युलर जेलमध्ये जानेवारी १९४४ मध्ये जपान्यांनी पंजाबी कवी डॉ. दिवाणसिंग यांना हालहाल करून मारलं. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला ३० डिसेंबर १९४३ ला. बरोबर महिन्याने, ३० जानेवारीला, पोर्ट ब्लेअरजवळच्या हम्फ्रेगंजला जपान्यांनी ४४ भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. आपलीच माणसं. त्या सहलीत ते नाव आपल्या तोंडी एकदाही आलं नाही. इंजिनाची पाटी लिहिणाऱ्यावर मी काल एवढा चिडलो, आणि नेताजींच्या फोटोसमोर हम्फ्रेगंज मला आठवलंसुद्धा नाही. हे मला फार लागलंय.

डिसेंबरात तू मुलींना घेऊन तिकडे जाणार आहेस ना? सेल्युलर जेल दाखवशीलच. एक सकाळ हम्फ्रेगंजसाठी ठेव. तिथे स्मारक आहे. माझ्याही वतीने फुलं वाहा, आणि मुलींना सगळं नीट सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद