बंडूनं जेवण सोडलं, हे लपवलं नाहीत म्हणून

ताई,

सप्रेम नमस्कार. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही ‘काकू, त्यात काय एवढं’ म्हणून विषयच मोडता. म्हणून लिहून काढते, तेही चारचौघांत. गावाला जाताना बडोद्यात मांजर ठेवायला जागा शोधणाऱ्या आणखी कुणाच्या नजरेस पडलं तर बरंच.

आधीच्या ठिकाणचा अनुभव तुम्हाला अर्धाच सांगितला होता. हायवेवरची ती जागा, नाव घेत नाही. एसी, कॅमेरे, झकपक गेट. जनावरं झोपतात ती खोली बघायची म्हटलं तर ‘बाहेरच्यांना आत सोडत नाही, इन्फेक्शन होतं.’ रोज सकाळी फोटो यायचा: आमचा बोका बंडू, समोर भरलेली वाटी, खाली ‘एकदम मजेत’. वाटी रोज भरलेलीच कशी, हे आधी आमच्या यजमानांच्या लक्षात आलं. घरी आणला तेव्हा पाठीची हाडं हाताला लागत होती आणि अंगभर पिसवा. त्याचा पिंजरा कुत्र्यांच्या अगदी समोर होता, हे तिथल्या झाडूवाल्यानं सांगितलं. मालक म्हणाले, जागा बदलली की जनावर जरा उतरतंच. बिल मात्र उतरलं नाही.

त्यामुळे नणंदेच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ऐन उत्तरायणात पुण्याला जायची वेळ आली, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. गच्चीगच्चीवर स्पीकर, पतंग कापला की ‘काप्यो छे’च्या आरोळ्या, रात्री फटाके, त्या दिवसांत बंडू घरातसुद्धा कपाटामागून निघत नाही. तुम्ही दर सांगण्याआधी लसींचं पुस्तक मागितलंत, मांजरांची खोली स्वतःहून उघडून दाखवलीत आणि ‘त्याचा वाळूचा ट्रे आणि तुमची एखादी न धुतलेली साडी आणा’ म्हणालात. ‘न धुतलेली’ हे दोनदा बजावलंत. तिथेच मी निम्मी निवांत झाले.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ते आहे वासी उत्तरायणच्या, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या, संध्याकाळी आलेल्या फोनसाठी. ‘काकू, बंडूनं कालपासून कशाला तोंड लावलं नाही. पाणी पितोय. खोटं कशाला सांगू?’

काळजात धस्स झालं, खरं सांगते. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठू लागते, आणि अंगानं जाड असेल तर जिवावरही बेतू शकतं. आमचा बंडू जाडच. तुम्हाला हे ठाऊक होतं, म्हणून तुम्ही दुसऱ्या दिवसाची वाट बघितली नाहीत. डॉक्टरांशी बोललात, मग मला विचारलंत, याला काय आवडतं? मी चाचरतच मासे म्हणाले. तुमच्या सासूबाईंच्या ओट्यावर अंडंही चढत नाही, हे मला माहीत होतं. तुम्ही गॅलरीत जुनी शेगडी पेटवलीत, मीठसुद्धा न घालता मासा उकडलात, काटे काढून कोमट असतानाच पुढे ठेवलात, म्हणजे वास सुटतो. आणि त्याच्याकडे पाठ करून बसून राहिलात. कुणी टक लावून बघितलं की तो खात नाही, हे मी सांगायचं विसरले होते.

मध्यरात्रीनंतर फोटो आला. चाटूनपुसून लख्ख झालेली वाटी, कडेला माझ्या साडीचं टोक. बंडू त्या फोटोत नव्हताच.

गिऱ्हाइकाला वाईट बातमी आपण होऊन सांगणारी माणसं फार उरली नाहीत. आमच्या दांडिया बाजारातला वाणी ‘आज तूरडाळ नेऊ नका, सोमवारी नवा माल येतोय’ म्हणतो. तो काही संत नव्हे, भावात पै सोडत नाही. तरी आमची दुसरी पिढी त्याच्याकडे जाते. तुमच्याकडेही तसंच होणार, बंडूच्या पुढच्या पिढीचा प्रश्न डॉक्टरांनी कधीच निकालात काढलाय ते सोडा.

नणंद आता वॉकर घेऊन चालायला लागलीय. मे महिन्यात पुन्हा जायचं आहे, तेव्हा खिडकीजवळची तीच जागा धरून ठेवा. रथसप्तमीच्या आत तिळाच्या वड्या पाठवते. त्यात एक डबा सासूबाईंसाठी वेगळा असेल. नाकाला पदर लावून का होईना, माळ्यावरची शेगडी त्यांनीच काढून दिली म्हणे.

आपली,
दांडिया बाजारातली काकू