शनिवारी दहा वाजता

हॅम्बुर्ग

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप मिळाला. डोळे दुखतात, वय झालं, शनिवारचा आपला कॉम्प्युटरवरचा खेळ आता बंद करू, असं लिहिलंस. फोन केला असता तर तू "बरं, बघू" म्हणून ठेवला असतास. म्हणून कागदावर लिहितोय. वहिनीलाही वाचायला दे.

दादा, तू कॉलेजात होतास आणि मी नववीत, तेव्हा हर्णैहून एसटीने आसूदमार्गे दापोलीला जायचो. जिन्याखालच्या त्या कॅफेत पाच कॉम्प्युटर, तासाला वीस रुपये. काउंटर-स्ट्राइक 1.6, एका टोळीने बॉम्ब ठेवायचा आणि दुसरीने तो निकामी करायचा तो खेळ, मी पहिल्यांदा तुझ्या खांद्यावरून पाहिला. हातात खेळातले आठशे डॉलर आले की मला डीगल पिस्तूल घ्यायची घाई. तू म्हणायचास, साडेसहाशे त्यात घातलेस तर गोळ्या अडवणारं जाकीट कशाने घेशील? पैसे कसे राखायचे ते मी शाळेत नाही, तिथे शिकलो. तू मात्र हात कितीही तंग असला तरी दोनशेचं डिफ्युज किट घ्यायचासच. किट असलं की बॉम्ब पाच सेकंदांत निकामी होतो, नसलं तर दहा. मी बॉम्बवर वाकलेला आणि तू दरवाजाकडे तोंड करून उभा, हे चित्र अजून डोळ्यांसमोर येतं. लाइट गेली की अख्खा कॅफे एका सुरात ओरडायचा. मग आपण बाहेर पायरीवर बसून, आता कोण कुठून आला असता, याचीच चर्चा करायचो.

आईला तो बंदुकांचा खेळ वाटतो. तिचं चूक नाही. पण मला त्यातला आवाजच आधी आठवतो: बॉम्बची टिकटिक, वाळूवरची पावलं, आणि शेजारच्या खुर्चीवरून तुझं "थांब, थांब, आत्ता नको."

2020च्या जूनबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही. तीन तारखेला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि तुमचे सगळ्यांचे फोन बंद झाले. मी इथे रात्रभर बातम्या पाहत बसलो होतो. चौथ्या दिवशी तू दापोली गाठून फोन केलास. अर्धं मिनिट बोललास. आई बरी आहे, कौलं गेली, वाडी झोपली. मग पुन्हा कितीतरी दिवस काही नाही. लॉकडाऊनमुळे यायचीही सोय नव्हती. मी दर शनिवारी आपला सर्व्हर लावायचो आणि डस्ट टू या खेळातल्या आपल्या नेहमीच्या नकाशात एकटाच फिरायचो. बोगद्यातून बॉम्बच्या बी जागेकडे, तिथून मधल्या दरवाजांकडे, वर कॅटवॉकच्या उंच वाटेवर. गोळी झाडायला समोर कोणीच नव्हतं. काही आठवड्यांनी एका शनिवारी यादीत तुझं खेळातलं नाव उमटलं: सुरमई. तू एकच ओळ टाइप केलीस, "लाइट आली." मी रडलो, दादा. तुला सांगितलं नव्हतं.

पुढे घरी आलो तेव्हा विहिरीमागे पोफळी नव्हत्या. घरातून थेट आभाळ दिसत होतं. मला आपली वाडी ओळखता येईना, पाय कुठे ठेवायचा ते कळेना. डस्ट टू मात्र 2001 साली केला तसाच आहे. तिथली प्रत्येक पेटी मला डोळे मिटून सापडते. तू आणि मी जिथे होतो ती एक तरी जागा जशीच्या तशी उरली आहे.

तू म्हणतोस, पोरांचे खेळ वेगळे. असू देत. ग्लोबल ऑफेन्सिव्ह, पुढचा काउंटर-स्ट्राइक, आपणही खेळून पाहिला. छान दिसायचा, पण 2023 साली त्याच्या जागी काउंटर-स्ट्राइक 2 आला आणि खेळणाऱ्यांना नव्यावर जावं लागलं. आपला 2003चा तसाच राहिला. तो साध्या कॉम्प्युटरवर चालतो, सर्व्हर आपल्याच घरातून लावता येतो. माझ्याकडून तुझ्याकडे जायला-यायला लागणारा वेळ, म्हणजे पिंग, दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास जातो, तेवढं चालतं.

माळ्यावरचा कॉम्प्युटर टाकू नकोस. खारट हवेने आत गंज धरला असेल, म्हणून पाठचं झाकण काढून कोरड्या ब्रशने धूळ झाड. ओलं फडकं लावू नकोस. स्टीमने, म्हणजे ज्यातून आपला खेळ सुरू होतो त्या प्रोग्रामने, विंडोज 7 चा आधार 2024च्या जानेवारीपासून बंद केला आहे, तेव्हा मी गणपतीला येताना नवी डिस्क आणि लांब केबल आणतो. पडवीत दोन मशीन जोडू. तुझ्या लेकाला आणि आत्तेभावाला एका बाजूला घे. पोराला डीगल लगेच घेऊ देऊ नकोस.

इथलं घड्याळ ऑक्टोबरअखेर एक तास मागे जाईल. तुमचे दहा वाजतील तेव्हा माझे साडेसहाऐवजी साडेपाच होतील. मी कामावरून थेट येऊन बसेन.

डोळे मात्र दाखवून घे, दापोलीला नाहीतर रत्नागिरीला. चष्मा लागला तर लाव. स्नायपर मी घेतो. लांबच्या दरवाजावर मी उभा राहीन, तू बॉम्बपाशी थांब.

आईला साष्टांग नमस्कार.

तुझा,
बांगडा