'नाही' लिहिण्याआधी

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

खवल्या मांजराच्या पाहणीचा तू पाठवलेला तक्ता काल दोनदा वाचला. पहिल्यांदा बाप म्हणून, मग चष्मा पुसून. जंगलाच्या नकाशावर आखलेल्या ४० चौकटी, त्यांतल्या ३ ठिकाणी जनावराची खूण आणि उरलेल्या ३७ रकान्यांत ठसठशीत 'नाही'. या 'नाही'वर माझा आक्षेप आहे.

हीच चूक मी करून बसलोय. पहिल्या वर्षी माझे कॅमेरे वाघासाठी लावतात तसेच होते, गाडीवाटेच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवर. रात्री झुडपांखालून, जमिनीला नाक लावून हिंडणारं जनावर तिथे कशाला फिरकेल? अहवालात मी बिनदिक्कत 'आढळ नाही' लिहून टाकलं. पुढे त्याच चौकटीत, ओढ्याच्या काठी बीळ सापडलं. तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, आतल्या भिंतीवर नखांचे ओरखडे, बाहेर धुळीत शेपूट घासत गेल्याचा पट्टा. तिथून चार हातांवर बसून मी कधीकाळी बूट झाडले होते!

जरा हिशेब करून बघ. समजा, जनावर चौकटीत आहे आणि एका फेरीत त्याची खूण मिळण्याची शक्यता पाचात एक आहे. पाच फेऱ्या मारल्यास तरी तीनातल्या एका वेळी तू रिकाम्या हाताने परतशील. दहा फेऱ्यांनंतरही साधारण दहातून एकदा. म्हणून प्रत्येक फेरीची नोंद वेगळी ठेव. ऑक्युपन्सी मॉडेल, म्हणजे खूण मिळाली नाही तरी जनावर तिथे असण्याची शक्यता काढणारं गणित, त्यावरच चालतं. सगळ्याची बेरीज करून एकच शेरा मारलास तर त्याच्या हाती काही उरत नाही.

आता बिळांचं. दिसेल ते भोक त्याचंच नसतं. दाराशी काटे किंवा कुरतडलेली हाडं पडली असतील तर साळिंदराचा संशय धर. वाळवीसाठी उकरलेली बिळं उथळ असतात, राहण्याची खोल; दोन्ही एका रकान्यात कोंबू नकोस. आणि एकच जनावर कितीतरी बिळं उकरतं, तेव्हा बिळं मोजून जनावरं मोजल्याचा आव आणायचा नाही. (आमच्या काळी सर्रास आणायचे.) कॅमेरा बिळाजवळ, जमिनीलगत लाव, पण वाट अडवू नकोस. आत मादी असू शकते, आणि तिला एका खेपेला बहुधा एकच पिल्लू होतं.

एका गोष्टीवर मात्र रागावतोय. बिळाचा जो फोटो पाठवलास, त्यात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश तसेच होते. मला पाठवलास म्हणून निभावलं. खवल्या मांजराच्या आठही प्रजाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात घालायचं २०१६ साली ठरलं, तरी तस्करी थांबलेली नाही. खवले म्हणजे आपल्या नखांतलंच केराटिन, पण ते विकत घेणाऱ्याला कोण सांगणार? वाघापुढे अंगाचा गोळा केला की हे जनावर बहुतेक वेळा वाचतं. माणूस तोच गोळा उचलून पोत्यात टाकतो. तेव्हा प्रबंधातल्या नकाशात चौकट रंगव, बिळाचा ठिपका देऊ नकोस.

ते ३७ शेरे खोडू नकोस. प्रत्येकाशेजारी फेऱ्यांचा आकडा लिही आणि तक्ता परत पाठव.

आई विचारत होती, रात्री एकटी जात नाहीस ना? मी तिला ठामपणे 'नाही' म्हणून सांगितलंय. हे 'नाही' तेवढं खरं ठेव.

तुझा,
बाबा