मांडवावरच्या पांढऱ्या कापडाचं भाडं

काका, साष्टांग नमस्कार.

परवा तुमच्या पोराकडे चहाला थांबलो होतो. दुकान हातात आल्यापासून त्यानं माळ्यावरचं सगळं खाली काढलंय. फाटक्या झालरी, पाय मोडलेल्या खुर्च्या, आणि तुमच्या वह्या. त्यातली एक त्यानं माझ्यापुढं सरकवली. खुर्च्या १५०, गाद्या २०, गंज ६, पराती ४, जनरेटर १. प्रत्येकापुढं भाडं लिहिलेलं. सगळ्यात खाली तुमच्या तिरक्या अक्षरात 'पांढरं कापड, फोटोवाला', आणि त्याच्यापुढची जागा कोरी. पान उलटलं, तर पुढच्या लग्नातही तसंच. दुसरी वही घेतली, तिच्यातही तसंच.

म्हणून हे पत्र. फोन केला की तुम्ही 'हाव, हाव, ठेव आता' म्हणून कापता, आणि समोर बसलो की माझीच जीभ वळत नाही. असं चारचौघांत लिहिलं म्हणजे तुम्हाला मधात तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. दारव्हा तालुक्यात मी लग्नाचे फोटो काढतो, आणि काकांचं बिछायत केंद्र. मांडव, गाद्या, भांडी, कूलर, सगळं त्यांच्याकडून जातं. पाहुण्यांच्या आधी येणारे आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणारे, असे आम्ही दोघं.

स्वतःच्या नावावर घेतलेलं ते माझं दुसरंच लग्न होतं. मे महिना, भर दुपार, बौद्ध पद्धतीचं लग्न. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कुर्त्यात, पुढं बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. पहिल्या रांगेत नवरीचे आजोबा, कडक धुतलेलं धोतर नेसून. १९५६ साली नागपूरच्या दीक्षेला बापाच्या खांद्यावर बसून गेलेलं लेकरू ते. 'तवा जिकडं पाय तिकडं पांढरंच पांढरं होतं,' हे त्यांनी मी बॅग खाली ठेवायच्या आत सांगितलं होतं. त्रिशरण-पंचशील झालं, हार पडले, मी धडाधड फोटो काढले. रात्री घरी येऊन कॉम्प्युटर उघडला. साडी गुलाबी. कुर्ता गुलाबी. आजोबांचं धोतर गाजराच्या हलव्यासारखं.

वर तुमचं लाल कापड होतं, काका. मेच्या उन्हात लाल कापडातून फक्त लाल उजेड खाली उतरतो, बाकीचा कापडातच अडकतो. त्यात आपले मांडव बाजूनं उघडे. एका अंगानं वावरातला पांढरा लख्ख उजेड, डोक्यावरून लाल. एकाच चेहऱ्यावर दोन रंग. कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स एका उजेडाला ताळ्यावर आणतो. दोन असले की एक गाल सुधारावा तर दुसरा निळा पडतो. फ्लॅश छताकडं वळवून मारला तर तोही लालच होऊन परत येतो. हे सगळं मला आज कळतं. त्या रात्री मी पहाटेपर्यंत माउस घासत बसलो आणि साडी गुलाबीची जांभळी करून ठेवली.

अल्बम न्यायला नवरीचे वडील आले. एक एक पान उलटून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, 'आमच्या पोरीनं पांढरं नेसलं होतं जी.' उरलेले पैसे मोजून दिले. भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी भांडायला तुमच्या दुकानात आलो. काय काय बोललो ते इथं लिहित नाही, काकू तेव्हा मागं तांदूळ निवडत होत्या, त्यांना आठवत असेल. तुम्ही कात्रीनं दोरी कापत ऐकून घेतलं आणि म्हणालात, 'मंग कोन्तं कापड पायजे तुले?'

काका, तोपर्यंत मला लग्नात कुणी काही विचारलं नव्हतं. 'ओ फोटोवाले, सरका', 'ओ कॅमेरा, मामांचा घ्या', 'बारीक दाखव बरं का दादा', एवढंच. मांडव कुठं, स्टेज कुणीकडं तोंड करून, कूलरचा झोत कुठं, हे सगळं ठरून गेल्यावर फोटोवाला येतो आणि जे असेल त्यात भागवतो. मला काय पाहिजे, हा प्रश्न मलाही पडला नव्हता. मी चाचरत म्हटलं, पांढरं.

पुढच्या लग्नात बोहल्याच्या वर पांढरं मांजरपाट होतं. घरची म्हातारी तडक उठली, 'लग्नात पांढरं? कोन मेलं हाय का?' तुम्ही शिडीवरूनच ओरडलात, 'मायबाई, थे फोटोचं कापड हाय, त्याच्याखाली पोरगी गोरी दिसते!' म्हातारी गप बसली. त्यानंतर कडेनं पिवळी झालर लावायची युक्ती तुमचीच. तेव्हापासून कुणी हरकत घेतली नाही, उलट नवरीच्या मावश्या त्या कापडाखालीच येऊन उभ्या राहायला लागल्या.

आता मुद्द्याचं. त्या कापडानं रंग सुधारले, हे तर झालंच. पण खरी गंमत पुढं झाली. पांढऱ्या कापडातून गाळून आलेलं ऊन इतकं मऊ आणि इतकं भरपूर असतं की फ्लॅश बॅगेत गेला. आणि फ्लॅश गेला तसा मी लोकांना दिसेनासा झालो. आधी प्रत्येक लखलखाटासरशी माणसं ताठ व्हायची, पदर नीट करायची, हसणं थांबवायची. आता मला खुर्च्यांच्या रांगांत शिरता यायला लागलं. लग्नाच्या फोटोतली मजा मला तिथं कळली.

सगळे अंतरपाटाकडं बघत असतात ना, तेव्हा मी पाठ फिरवून लोकांकडं बघतो. मंगलाष्टकं लांबली की मुठीतल्या ज्वारीच्या अक्षता घामानं भिजून जातात, पोरं त्या मोजत बसतात. अंतरपाट धरणाऱ्या मामाचे हात दुखायला लागतात आणि तोंड मात्र गंभीर. नवरीचा भाऊ कान पिळायला निघतो तेव्हा इतका लाजतो, की लग्न त्याचंच आहे असं वाटावं. आणि नवरीची आई. ती कधीच समोर नसते. बल्लीच्या आडून बघत असते, एका हातात हळदीची वाटी, दुसऱ्या हातानं कुणाला तरी वाढायला खुणावत. नवरीचा बाप तर लग्न पाहतच नाही, तो पंगत पाहतो. बुंदी पुरते का, कढी पातळ तर झाली नाही. अक्षता पडल्या की त्याला कळतं, लग्न लागलं. त्या अर्ध्या मिनिटात त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते टिपायला मला आजही कुणी पैसे दिले नाहीत तरी मी जाईन. (हे वाक्य येत्या सीझनच्या गिऱ्हाईकांनी मनावर घेऊ नये.)

बाकी कटकटी तुम्हाला माहीत आहेतच. पत्रिकेत अकरा पस्तीसचा मुहूर्त आणि डीजेपुढून नवरदेव हलतो दीड वाजता. ड्रोन पाहिजे, रील पाहिजे, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवर प्री-वेडिंग पाहिजे. उरलेले पैसे कापूस विकल्यावर. अल्बम न्यायला जोडपं येतं तेव्हा कडेवर लेकरू असतं. पण त्या लेकराला मी अल्बम दाखवतो आणि ते आईवर बोट ठेवून 'ही कोन?' विचारतं, तेव्हा उधारीचं बोलायचं राहूनच जातं.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही मला कधी सांगितली नाही. त्या गुलाबी साडीवाल्या घरची धाकटी पोरगी दोन वर्षांनी लग्नाची झाली, आणि वडिलांचा फोन मलाच आला. मला वाटलं, विसरले असतील. परवा तुमच्या पोरानं सांगितलं, मांडव ठरवायला ते तुमच्याकडं आले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, 'त्या पोट्ट्यालेच बलवा. चूक माया कापडाची होती.' चूक अर्धी माझी होती, काका. वर बघायला मला काही पैसे पडत नव्हते.

त्या लग्नात आजोबा पुन्हा पहिल्या रांगेत होते. मी आजही काम झालं की कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर त्या दिवसाचे फोटो म्हाताऱ्यांना दाखवतो, ती सवय तिथूनच लागली. आजोबांनी चष्मा वर केला. नातीकडं पाहिलं नाही, नातजावयाकडं पाहिलं नाही. विचारलं, 'धोतर आलं का पांढरं?'

आलं होतं.

आता हिशेबाचं. तुमच्या पोराला भाडं विचारलं तर तो म्हणतो, बाबाले विचारा. तुम्ही सांगणार नाही. मग मी आपल्या मनानं केलंय: नवीन पांढऱ्या मांजरपाटाचा पूर्ण तागा घेतलाय. जुन्याला हळदीचे डाग आहेत आणि एका कोपऱ्यात अवकाळीच्या वादळात फाटलेलं तुम्ही हातानं शिवलेलं आहे. ते जुनं मी ठेवून घेतो. तुमच्या शिडीवरचं माझं नाव पोरानं पुसलं तरी चालेल, तेवढी शिडी मात्र कुणाला देऊ नका म्हणावं, मला वरून पंगतीचा फोटो घ्यायला लागते.

रविवारी दुपारी येतो. काकूले चहा मांडाले सांगजा.

तुमचा,
फोटोवाला