कापलेले बँक शुल्क परत मागण्यासाठी मराठी अर्जही चालतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगावच्या गणपत गल्लीतला दुकानदार असो, वडगावचा यंत्रमागवाला असो की उद्यमबागेत लेथ चालवणारा, प्रत्येकाच्या खाते उताऱ्यात कुठल्या ना कुठल्या नावाने कापलेली रक्कम सापडतेच. काउंटरवर विचारले की ‘सिस्टीमने कापले’ एवढे उत्तर मिळते. पुढे कन्नड किंवा इंग्रजीत लिहावे लागेल या धास्तीने माणूस विषय सोडून देतो. हक्काचे पैसे असे सोडू नयेत, म्हणून हे पत्र.

आधी गेल्या दोन-तीन वर्षांचा उतारा काढावा आणि कापलेली प्रत्येक नोंद तारीख, रक्कम, मजकूर यांसह वहीत उतरवावी. मग शाखेकडून शुल्कपत्रक मागून दोन्ही ताडून पाहावे. ‘शुल्क फार जास्त आहे’ या तक्रारीला पुढे कुठेच किंमत मिळत नाही, कारण दर ठरवणे हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल त्यात पडत नाही. तक्रार टिकते ती ‘हे शुल्क पत्रकात नाही’ किंवा ‘हे नियमाविरुद्ध कापले’ या मुद्द्यावर.

सर्वांत जास्त गोंधळ किमान शिल्लक दंडाचा. आधी कळवा, महिन्याची मुदत द्या, जेवढी तूट त्या प्रमाणातच दंड लावा आणि केवळ दंडामुळे शिल्लक उणे होऊ देऊ नका, हे रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०१५ पासूनचे नियम बचत खात्याचे आहेत. व्यापाऱ्याचे चालू खाते त्यात येत नाही. चालू खात्यासाठी हाच नियम दाखवला की अर्ज तिथेच पडतो. मात्र दोन वर्षे खातेदाराने व्यवहार न केल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर, मग ते चालू का असेना, हा दंड लावता येत नाही. बंद पडलेल्या धंद्याचे विसरलेले खाते असेल तर जरूर तपासावे.

कर्जखात्यात तर रेघ न् रेघ वाचावी. हप्ता थकला म्हणून व्याजदरातच वाढीव दंडव्याज लावण्याची जुनी पद्धत आता बंद आहे. नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून आणि जुन्यांना त्याच वर्षीच्या ३० जूनपर्यंत हा बदल लागू झाला. आता फक्त दंडशुल्क घेता येते आणि ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. या दंडशुल्कावर जीएसटीही नाही; २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने ते स्पष्ट केले आहे. समजा, उताऱ्यात दंडशुल्क १,००० आणि खाली जीएसटी १८० अशी नोंद आहे. मूळ शुल्क योग्य असले तरी ते १८० रुपये परत मागावेत. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या उद्योगांना मुदतकर्ज देताना सर्व खर्चांचा तक्ता हाती द्यावा लागतो. त्यात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही.

दुकानात यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून टक्केवारी घेण्यास १ जानेवारी २०२० पासून मनाई आहे. पैसे जमा झाल्याचा आवाज देणाऱ्या डब्याचे भाडे वेगळे, ते करारात असेल तर द्यावे लागते. इतर डेबिट कार्डांना मशीनवर, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर, ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला २०० रुपये ही कमाल मर्यादा आहे. गफलत इथे होते: बँकेकडे दुकानाची नोंद मोठ्या गटात राहते आणि ०.९० टक्के कापले जातात. उलाढालीचा पुरावा देऊन गट बदलून घ्यावा.

चेक परत आला की कारण वाचावे. प्रतिमा अस्पष्ट, संपर्क तुटला अशा खातेदाराची चूक नसलेल्या कारणांसाठी शुल्क घेता येत नाही. एसएमएसचे पैसेही प्रत्यक्ष वापरानुसारच.

अर्ज शाखा व्यवस्थापकाच्या नावे, दोन प्रतींत. खाते दुकानाच्या नावाचे असेल तर मालकाची सही आणि रबरी शिक्का हवा, नाहीतर ‘खातेदाराचा अर्ज नाही’ म्हणून परत येतो. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, रक्कम, त्यावरचा जीएसटी आणि परत का मागतो ते एका ओळीत. उताऱ्यातला मजकूर जसाच्या तसा लिहावा, त्याचे भाषांतर करू नये. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. तोंडी तक्रारीचा दिवस कुठेच मोजला जात नाही. ज्यांनी बँकेच्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट (म्हणजे आपल्या जीएसटीतून वजावट) घेतले असेल, त्यांनी परतावा मिळाल्यावर तेवढे क्रेडिट उलटवावे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर लगेच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला फी नाही. वकिलामार्फत पाठवलेली तक्रार मात्र तिथे घेत नाहीत. स्वतः किंवा अधिकारपत्र दिलेल्या दुसऱ्या कुणामार्फत द्यावी. संकेतस्थळावर जमत नसेल तर टपालाने चालते: केंद्रीय तक्रार स्वीकृती व प्रक्रिया केंद्र, रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. तिथे कोणत्याही भाषेतला अर्ज स्वीकारतात, मराठीतलाही. १४४४८ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

आपल्या भागात सौहार्द (कर्नाटकातल्या सहकारी पतपुरवठा संस्था) आणि पतसंस्थांचे जाळे मोठे आहे. त्या बँका नव्हेत, लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याविरुद्धची तक्रार सहकार निबंधकांकडे आणि संस्था बहुराज्यीय असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे करावी लागते. पासबुकाच्या पहिल्या पानावर संस्थेचे पूर्ण नाव असते. कुठे लिहायचे ते आधी तिथे पाहावे.

आपला,
एक कर सल्लागार
शहापूर, बेळगाव