आधी डॉक्टरची खुर्ची भरा, मग परवानगी मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र वाचलं. सरकारनं पोलीस, कोर्ट आणि रस्ते एवढंच बघावं, दवाखाने आणि शाळा चालवणं हे त्याचं काम नाही, गरिबाच्या हातात पैसे किंवा कुपन द्यावं आणि त्याला हवं तिथं जाऊ द्यावं, असं त्यांचं म्हणणं. दाखला म्हणून त्यांनी आमच्या बीड जिल्ह्यातला, गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनआधी सरकारी परवानगी घ्यायचा आदेश दिला. बाईच्या शरीराचा निर्णय बाईनं घ्यायचा की अधिकाऱ्यानं, असा त्यांचा सवाल आहे. त्या सवालानं मला रात्रभर झोप लागली नाही, कारण त्यातलं अर्धं मला पटतं.

मी एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते. सात गावं आणि चार तांडे माझ्या उपकेंद्राला जोडलेले. पाच हजार लोकसंख्येमागं एक उपकेंद्र असा निकष आहे, माझ्याकडे नऊ हजारांच्या आसपास माणसं होती. त्यातली निम्मी दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जायची.

२०१९ साली जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. देशभरात हे प्रमाण साधारण तीन टक्के. पेपरात हा आकडा आला तेव्हा शहरातल्या लोकांना धक्का बसला. आम्हा नर्सबाईंना नाही बसला. आमच्या वहीत त्या बाया नावानिशी होत्या.

त्यातली एक सांगते. २०१६ ची गोष्ट. ती सत्तावीस वर्षांची, तीन लेकरांची आई. ओटीपोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं म्हणून टोळी निघायच्या आधी माझ्याकडे आली. सहा-सहा महिने पालात राहायचं, अंघोळीला आडोसा नाही, पाळीत फडात कापड बदलायला जागा नाही, मग जंतुसंसर्ग होणारच. माझ्याकडच्या गोळ्या दिल्या, पण आतून तपासणी हवी होती. चिठ्ठी लिहून तिला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथं स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा दोन वर्षं रिकामी. रोज बुडवून ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा तशीच परत आली. तिसऱ्या खेपेला नवऱ्यानं तिला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल, असं त्यांना तिथं सांगितलं. मुकादमाकडून पस्तीस हजारांची जादा उचल घेतली आणि आठवड्याच्या आत ऑपरेशन झालं.

टोळी परत आल्यावर मी तिच्या घरी गेले. ती बाजेवर बसली होती. उशाखालून कॅरीबॅगमधली फाईल काढून तिनं माझ्यापुढं धरली. मी एकेक कागद पाहिला. सोनोग्राफीच्या रिपोर्टात पिशवीचा आकार नॉर्मल आणि मुखाला थोडी सूज, एवढंच होतं. काढलेली पिशवी तपासायला पाठवल्याचा एकही कागद नव्हता. डिस्चार्ज कार्डावर मात्र पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढल्याचं लिहिलेलं होतं. सगळं इंग्रजीत. अंडाशयं काढल्याचं तिला माझ्याकडूनच कळलं. बोट टाक्यांवरून फिरवत ती म्हणाली, "मग काढली कशाला, बाई?"

मला उत्तर देता आलं नाही. आज ती पस्तिशीच्या पुढं आहे. रात्री अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं होत नाही. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून ती तरीही चढते.

पत्रलेखकाच्या हिशेबानं तिनं निवड केली. पैसे तिच्या घरचे, दवाखाना तिनं निवडलेला, अंगठा तिचा. पण निवड करायला समोर दोन वाटा तरी लागतात. सरकारी तपासणी टेबलावर बसणारी एक डॉक्टर असती, तर दहा दिवसांच्या औषधात ती बरी झाली असती, असं मी नोकरीच्या अनुभवावरून सांगते. व्यक्तीचा हक्क कुणी मोडला? परवानगी मागणाऱ्या अधिकाऱ्याच्या आधी तो त्या रिकाम्या खुर्चीनं मोडला. आणि न सांगता अंडाशयं काढणाऱ्या हातानं मोडला. त्या हाताला अडवायलाही सरकारच लागतं. राज्यात २०२१ पासून खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याचा नियम आहे. आजाराची माहिती, खर्चाचा अंदाज, दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला हे सगळं त्यात येतं. ती सनद भिंतीवर आहे का, हे बघायला कुणीतरी जायला नको का?

आता परवानगीचं. २०१९ च्या पाहणीच्या सुमारास, खाजगी दवाखान्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची मंजुरी घ्यावी, असा आदेश निघाला. तेव्हा मी त्याच्या बाजूची होते, सुऱ्या थांबायला हव्या होत्या. पण माझ्याच एका तांड्यावर एका बाईला खरोखर गाठी होत्या. दर पाळीला रक्त एवढं जायचं की हिमोग्लोबिन सहावर आलेलं. परवानगी म्हणजे पोलीस केस, असं तिच्या मनात कुणीतरी भरवलं, म्हणून ती जायलाच तयार होईना. मी स्वतः तिला अंबाजोगाईला नेलं. तिथलं वैद्यकीय महाविद्यालय सरकारनं १९७० च्या दशकात या ग्रामीण भागात काढलं आणि आमच्या कितीतरी बाळंतिणी तिथं वाचल्या. तिचंही ऑपरेशन तिथं झालं. दुसऱ्या दोघी मात्र शेजारच्या जिल्ह्यात जाऊन खाजगीत पिशवी काढून आल्या. नुसत्या परवानगीनं एवढंच होतं.

माझे वडील निजामाच्या राज्यात शाळेत गेले. ते सांगायचे, त्या सरकारनं गावात मराठी शाळा काढली नाही, पण कुणी स्वतःच्या हिमतीवर काढली तर परवानगी विचारायला माणूस यायचा. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३, म्हणजे सभेआधी परवानगी घ्यायला लावणारं निजाम सरकारचं परिपत्रक, आडवं. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, तिथले निजामाविरुद्ध लढलेले स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे, हे सगळं अशा राज्यात उभं राहिलं. वडिलांच्या बोलण्यातून मला एक खूण सापडली आणि नोकरीभर ती मी वापरली. सरकार माझ्या दारात काय घेऊन आलंय, हे बघायचं. औषधाची पेटी आणि खडू घेऊन आलं असेल तर ते माझं. नुसता शिक्का घेऊन आलं असेल तर चार प्रश्न विचारायचे.

कोरोनाच्या लसीच्या वेळी हेच झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस न घेतलेल्यांना रेशन, गॅस आणि पेट्रोल देऊ नये असा आदेश निघाला. मी स्वतः लस टोचणारी, लसीवर माझा पूर्ण विश्वास, तरी तो आदेश वाचून वाईट वाटलं. भुकेल्या माणसाचं रेशन अडवून कसली आरोग्यसेवा? आमच्या तांड्यावर एक म्हातारी लस घ्यायला नाहीच म्हणायची. तीनदा गेले. चौथ्यांदा लसीचा डबा मागं ठेवून गेले, तिच्या चुलीपुढं बसून कोरा चहा प्यायले आणि माझ्या मोबाईलमधलं माझं लसीचं प्रमाणपत्र तिच्या नातवाला मोठ्यानं वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः उपकेंद्रात आली. पुढं २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कुणावर लसीची सक्ती करता येत नाही. म्हणून व्यक्तीच्या हक्काबद्दल त्या वाचकाला जी तळमळ आहे, ती मलाही आहे. फक्त त्यासाठी दवाखान्याला कुलूप लावायला मी तयार नाही.

ते कुपन मागतात. आरोग्याचं कुपन आपल्याकडे आहेच की. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली सुरू झाली, आता ती महात्मा फुल्यांच्या नावानं चालते. योजना चांगली आहे, मी शेकडो लोकांची कागदपत्रं जुळवून दिलीत. पण ती चालते अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील करून घेतलेल्या रुग्णालयात, आणि ती रुग्णालयं आहेत मोठ्या गावांत. रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या बाईनं तांड्यावर ते कार्ड दाखवायचं कुणाला?

शाळेचं तेच. माझ्या हद्दीतल्या एका वस्तीवर चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, पट अकरा. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची टूम २०२३ मध्ये निघाली. त्या वस्तीवरून पुढची शाळा तीन किलोमीटर, मध्ये नदी. आईबाप फडात, लेकरं आजीजवळ. आजी सहा वर्षांच्या नातीला नदीपलीकडं सोडायला जाईल का? पोरगी टोळीबरोबर जाईल आणि बाराव्या वर्षी तिच्या हातात वाढ्यांची पेंढी येईल. शिक्षणहक्क कायद्यानं गरीब मुलांसाठी राखलेल्या खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागांचं म्हणाल, तर जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिथल्या खाजगी शाळांना फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनंच त्यातून सूट दिली होती. जुलैत उच्च न्यायालयानं ती रद्द केली. आणि बारावीच्या निकालांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नचा दाखला देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तो ज्या महाविद्यालयांत घडला, तिथल्या शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होत होते.

नांदेडचं कुणी म्हणेल म्हणून लिहिते. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारी रुग्णालयात ४८ तासांत ३१ जण गेले. त्यात किती तरी तान्ही बाळं. ही बातमी मी जेवताना ऐकली आणि ताट बाजूला सारलं. दोष सरकारचा आहेच. पण ७०-८० किलोमीटरच्या परिघात असं मोठं रुग्णालय हे एकच, असं तिथल्या प्रशासनानंच तेव्हा सांगितलं होतं. ते बंद करून ती गर्दी कुठं पाठवणार?

माझी मागणी एवढीच. यंदा ट्रॅक्टर निघायच्या आधी तालुक्याच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा भरा. ते जमत नसेल तर आठवड्यातले दोन दिवस ठरवून डॉक्टर पाठवा आणि ते दोन दिवस गावातल्या चावडीवर लिहून लावा. ऑपरेशनची फाईल बाईला मराठीत द्या. पत्र लिहिणाऱ्या वाचकांना विनंती, दसऱ्यानंतर आमच्याकडे या. मी ज्या घराबद्दल लिहिलं ते उपकेंद्रापासून चालत वीस मिनिटांवर आहे. तिनं होकार दिला तर मी सोबत येईन. तिची फाईल अजून उशाखाली आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. बीड
(कृपया नाव छापू नये.)